अस्सल अमेरिकन

"हे मडगार्ड मूळचंच?" बावन्न सालच्या अमेरिकन पिकअपभोवती तिसरी फेरी मारून परीक्षकांनी विचारलं.

"खास अमेरिकेहून मागवलं," गाडीचे मालक, म्हणजे वाड्यावरचे इनामदार सरकार, म्हणाले. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कंपनीचा भाग नसला की गुण कापतात, आणि सरकारांना कप हवाच होता.

शेजारी उभ्या दौलत मिस्त्रीनं मान डोलावली. खरं तर पत्रा इथल्याच शिरोलीचा होता आणि पाच महिन्यांची ठोकाठोक त्याची स्वतःची. तेच दाखवायला आज त्यानं मुद्दाम बायकोला आणलं होतं.

"अवो, कुठली अमेरिका! आमच्या ह्यांनी केलंय की त्ये!" मालन कौतुकानं बोलून गेली.

परीक्षकांचं पेन थांबलं. सरकारांनी मिस्त्रीकडे नुसतं बघितलं. त्यांच्या शेडमध्ये अजून चार गाड्या उघडून पडल्या होत्या, म्हणजे मिस्त्रीची चार वर्षांची भाकरी.

"तिचं काय ऐकताय साहेब," तो हसत म्हणाला, "चुलीपुढची बाई ती. तिला गाडीतलं काय कळतंय!"

सगळे मोकळे होऊन हसले. परीक्षकांनी मडगार्डवरून बोटं फिरवली, "असलं काम आपल्याकडं व्हायचं नाही," असा निर्वाळा दिला आणि पैकीच्या पैकी गुण मांडले.

परतीच्या बसमध्ये मालन खिडकीशी बसली. मग खिडकीबाहेर बघतच तिनं विचारलं, "आपल्या सुरेखाचा पाळणा तरी तुम्हीच केला हुता न्हवं? का त्यो बी अमेरिकेचाच?"