अभ्यासाचं टेबल

डॉक्टरांनी हात टेकले त्याच दिवशी बायको म्हणाली, "बाबांचा पलंग आता अडवून कशाला ठेवायचा? पोरीला अभ्यासाचं टेबल होईल त्यातून." त्यालाही पटलं. सुताराचाच मुलगा तो, करवत धरायला बापानेच शिकवलेलं. चार दिवसांत पलंगाचे पाय सुटले, फळ्या मोकळ्या झाल्या. पहिली फळी अर्धी कापून झाली, तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला.

फोनवर बाबा स्वतः होते. "अरे, डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली! सकाळी हाताने जेवलो मी. उद्या घरी सोडतायत."

बायकोला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिने करवत उचलली आणि राहिलेली फळी कापायला घेतली.

"काय कापताय रे?"

"जुन्या बाजारातून फळ्या आणल्यात, बाबा. पोरीला टेबल करतोय."

जन्मभर लाकडाचा आवाज ऐकत आलेल्या म्हाताऱ्याने फोन कानाशी घट्ट धरला. मग हळूच म्हणाला,

"बेताने कापा. करवतीचे दात जातील. उशाकडच्या फळीत खिळा आहे."