केरबाची हाक

दिवाळी पाडव्याला मोटरसायकलमागं म्हैस पळवावी तर गडमुडशिंगीच्या केरबानंच. "गजरेऽऽ, ये गं बाय माझी!" अशी त्याची हाक घुमली, की गजरी गर्दी फोडून त्याच्यामागं सुटायची.

यंदा पाडवा झाला आणि केरबा आजारी पडून महिनाभर कोल्हापूरच्या दवाखान्यात अडकला. लेक ऋतुराज मोबाईल दाखवत म्हणाला, "आबा, पाडव्याला काढलेली तुमच्या हाकेची रील लई गाजलीया. पोरं रोज गोठ्याम्होरं लावत्यात. गजरी ताडकन उठून दाराकडं बघती, आन् समदी हसत्यात."

केरबाला काही हसू आलं नाही.

डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच सोडलं. ऋतुराज गाडी लावेपर्यंतही केरबाला दम निघेना. काठी टेकत तो गोठ्याच्या दारात पोचला आणि त्यानं हाक दिली, "गजरेऽऽ, ये गं बाय माझी!"

पाठमोऱ्या बसलेल्या गजरीनं कानसुद्धा हलवला नाही.



घरातून त्याची बायको खेकसली, "बंद करा की रं पोरांनो ती रील! म्हसबी फसंना झाली आता."