चार हातांचं काम

थोरल्यानं गाडीच्या छताची आतली फळी अर्धी बाहेर ओढली आणि ती तिथंच अडकली. त्याचं डोकं मागच्या सीटवर, पाय अंगणात आणि फळी छातीवर. फळी म्हणजे दाबलेला पुठ्ठाच, पण गाडीच्या छताएवढा लांबरुंद. जरा वाकला की मोडलाच.

"आई, कुणाला तरी हाक मार," तो आतून म्हणाला.

आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. "मारलीय," ती म्हणाली. "धाकटा आपणहून येतो म्हणाला. निघालाय."

अंगणातले पाय एकदम ताठ झाले.

चार वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं. गाड्यांच्या सीटा शिवायचं वडिलांचं दुकान दोघं मिळून चालवायचे. थोरला मोजायचा, धाकटा कापायचा, म्हणून घरात एकाला माप म्हणत आणि दुसऱ्याला कात्री. एकदा एका गिऱ्हाइकाच्या सीटचं कातडं इंचभर आखूड पडलं. थोरला म्हणाला, कात्री चुकली. धाकटा म्हणाला, माप चुकलं. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. तेव्हापासून भिंतीच्या एका बाजूला नीट मोजलेली पण वेडीवाकडी कापलेली कव्हरं मिळत, आणि दुसऱ्या बाजूला सुबक कापलेली पण सीटवर न बसणारी.

ती भिंत निघावी, एवढंच आईला हवं होतं. पण विषय काढला की थोरला पेपर उघडायचा आणि धाकटा फोन ठेवून द्यायचा.

अशात थोरल्याच्या गाडीच्या छताचं कापड लोंबायला लागलं. मागे बसणाऱ्याला टोपरं घातल्यासारखं ते डोक्यावर यायचं. छत नीट होईपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही, असं आईनं जाहीर केलं. आणि या कामाला चार हात लागतातच.

धाकट्यानं गाडी फाटकाशी लावली आणि तो थेट आईपाशी आला. "दादानं खरंच बोलावलं मला?"

"मी कुठं बोलावलं?" सीटवरून आवाज आला. "तूच येतो म्हणालास ना?"

दोघांनी आईकडे बघितलं. आई चष्म्याच्या काचा पुसत होती. या वयात कोण काय म्हणालं, ते सगळं कसं लक्षात राहणार, असं ती पुटपुटली.

पण फळी अडकलेली होतीच. धाकट्यानं बाह्या सारल्या. दादाला सांग डावीकडून उचलायला, असं त्यानं आईला सांगितलं. मला हल्ली कमी ऐकू येतं, तूच सांग, असं आई म्हणाली. मग त्यानं सांगितलं आणि फळी न मोडता बाहेर आली.

जुनं कापड ओढलं तसं ते सहज निघालं. खालच्या फोमचा पार भुगा झाला होता. ब्रशनं घासता घासता दोघांचे केस, भुवया, मिशा नारिंगी झाल्या. सून चहा घेऊन आली आणि दीर कोणता नि नवरा कोणता, असं विचारून हसत सुटली.

धाकटा मात्र फळी निरखत होता. उन्हानं कापड काचेच्या कडेनं सुटतं, हे मधूनच कसं सुटलं, असं त्यानं विचारलं. जुनी गाडी, तिला कुठून सुटायचं हे कोण शिकवणार, असं थोरला म्हणाला. आईनं चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

नवं कापड सतरंजीवर पसरलं. थोरल्यानं फळी मोजली, खडूनं खुणा केल्या आणि तो मागे सरला. धाकट्यानं कात्री हातात घेतली, पण चालवली नाही.

"दादा, त्या दिवशी माझ्या टेपचा पहिला इंच तुटलेला होता," तो खाली बघत म्हणाला. "तू दिलेलं माप मी कातड्यावर एकच्या आकड्यापासून धरून लावलं, म्हणून इंच कमी पडला. पुढच्या आठवड्यात लक्षात आलं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तोवर तू भिंत घातली होतीस."

थोरल्यानं हातातला खडू खाली ठेवला. "म्हणजे माझं माप बरोबर होतं," तो म्हणाला, आणि एवढा हसला की मिशीतला भुगा उडाला. मग धाकट्यालाही हसू आवरेना.

पुढचं काम भराभर झालं. गोंद लावला आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबले. मग एकानं एक टोक धरलं, दुसऱ्यानं दुसरं. एकदा टेकलेलं कापड पुन्हा उचलता येत नाही, म्हणून श्वाससुद्धा बरोबर सोडला. तळहातांनी मधून कडेकडे दाबत नेलं. एक सुरकुती पडली नाही. दुपार कलायच्या आत छत जागेवर बसलं आणि दोघे त्याच गाडीतून चक्कर मारायला निघाले. आता मी दर रविवारी येतो, असं धाकट्यानं जाताना आईला सांगितलं.

दुकानातल्या भिंतीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर आईनं सुनेकडून गरम पाण्याची पिशवी भरून घेतली. गुडघा दुखतोय का, असं सुनेनं विचारलं. छे, असं म्हणत आई तरातरा अंगण ओलांडून फाटकाशी उभ्या असलेल्या धाकट्याच्या गाडीत जाऊन बसली. मागच्या सीटवर, बरोबर मधोमध. दोन्ही हातांनी तिनं ती कढत पिशवी छताच्या कापडावर दाबून धरली. थोरल्याच्या गाडीला तीन आठवडे लागले होते, आणि ही तर फक्त रविवारीच हाताशी येणार होती.