मी जेवून घेतलं

नववं गाणं रेकॉर्ड झालं तसे म्युझिक कंपनीचे साहेब काचेपलीकडच्या खोलीतून उठून थेट आत आले आणि गायिकेसमोर उभे राहिले.

"बाई, यात रडणं कुठंय?"

तिनं तोंडाला लावलेली पाण्याची बाटली खाली घेतली. "नाहीये."

बँडचा हा दुसरा अल्बम. पहिला निघाला तो तिचा नवरा घर सोडून गेला त्या वर्षी. थंड झालेलं ताट, रिकामी खुंटी, खिडकीशी वाट बघणारी ती, आणि मागे स्टील गिटारचा लांबत गेलेला हुंदका. लोकांनी नुसता डोक्यावर घेतला. ट्रकवाले गाड्या रस्त्याच्या कडेला लावून रडले, असं साहेबच सगळीकडे सांगत सुटायचे.

या खेपेला पहिल्याच गाण्याचं नाव होतं 'मी जेवून घेतलं'. ठेका असा, की एरवी पुतळ्यासारखे बसून स्टील गिटार वाजवणारे म्हातारे मामासुद्धा खुर्चीत डुलायला लागले होते.

"गाणी वाईट नाहीत," साहेब समजुतीनं म्हणाले. "पण लोकांना तुम्ही त्या खिडकीशी उभ्या हव्या आहात. यातली सहा ठेवू, चार नवी करू. त्याच जुन्या दुःखाची. अजून ताजं असेलच की."

कंपनी म्हणजे रेडिओ, दुकानं, गावोगावचे कार्यक्रम. ड्रमवर बसलेल्या तिच्या नणंदेनं या बँडपायी छापखान्यातली नोकरी सोडली होती. एक हो म्हटलं की सगळं सुरळीत. आणि रडणं तिला अजून येत होतं. मनातल्या मनात तिनं एक ओळ जुळवूनही पाहिली. छान जुळली. इतक्या सहज जुळली, की तिची तिलाच शिसारी आली.

"साहेब, एका नवऱ्यासाठी मी किती अल्बम रडू?"

मागून नणंद फिसकन हसली. "वहिनी, माझा भाऊ एका अल्बमच्याही लायकीचा नव्हता. तुझ्या गळ्यानं निभावून नेलं."

"अजून वहिनी?" साहेबांनी वळून पाहिलं.

"घटस्फोट त्यानं घेतलाय," नणंद म्हणाली. "मी नाही घेतला."

साहेबांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "ठीक आहे. हा अल्बम कंपनी काढणार नाही. गाणी घेऊन जा आणि बसा गाडीच्या डिकीतून विकत."

"विकू," ती म्हणाली.

बोलून तर गेली, पण नणंदेची सुटलेली नोकरी आठवली. तिनं मागे वळून पाहिलं. नणंद तिच्याकडेच बघत होती, हनुवटी वर करून. मामांनी बोटांत धातूच्या नख्या पुन्हा चढवल्या. काचेमागून साउंडवाल्याचा आवाज आला, "ताई, खोली सहापर्यंत आपल्याच नावावर आहे. एक गाणं राहिलंय."

ती माइकपाशी गेली. साहेब बॅग आवरत होते. म्हणजे एकच चेन उघडत होते नि लावत होते. कुणीतरी थांबा म्हणेल, अशी त्यांची खात्री असावी.

नणंदेनं काड्या उचलल्या.

"साहेब," माइकमधून तिचा आवाज खोलीभर झाला, "जाताना दार नीट ओढून घ्या. बाहेरचा आवाज आत येतो."