जानकीकाकींची पारख

रविवारी सकाळी अर्धी चाळ पिठाच्या चाळण्या घेऊन बिल्डरच्या प्लॉटवर उतरली, तेव्हा दत्ताराम तिथे आधीच येऊन उभा होता.

शनिवारी पाया खणताना एका मजुराला मोहर सापडली म्हणे. मोहर कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे ती वाढायला मोकळी होती. रात्रीच्या जेवणापर्यंत तिचा हंडा झाला, सकाळी सात हंडे. मजूर गावी पळाला, हा पुरावा. वॉचमननेसुद्धा शर्ट काढून एक कोपरा धरला होता.

"काका, बोरिवलीत तुम्ही सगळ्यात जुने," धोंडिराम म्हणाला. "सांगा ना, कुठे पुरलंय?"

"मला काय ठाऊक, बाबा!"

ठाऊक होतं. चोवीस वर्षांपूर्वी ही जमीन कोणी फुकटसुद्धा घेत नव्हतं. म्हणून तर लोक आपली गेलेली तान्ही मुलं इथे पुरायला आणत. दत्तारामने सतरा दिवसांची मुलगी आणली होती. कुंपणाजवळ, बोरीच्या झाडाखाली. बोर गेली, पण बुंधा अजून होता. आता जमिनीला सोन्याचा भाव आला होता आणि फावडी बुंध्याकडे सरकत होती.

दत्ताराम निघाला. सगळ्यांना दिसेल असा चालत पार नाल्याच्या टोकाला गेला, थांबला आणि पायाखाली बघत राहिला.

"काका थांबले रे!"

पंधरा फावडी तिथे पडली. बुंध्याजवळ चिटपाखरू उरलं नाही. आपण हुशार आहोत, असं दत्तारामला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दहा मिनिटांत धोंडिरामची बायको चंपा किंचाळली, "सोनं! अहो, सोनं!"

चाळणीत एक बारीक पिवळा मणी होता. बाकी खडूसारखे पांढरे चार तुकडे होते, ते तिने बोटाने उडवून दिले.

दत्तारामने मणी ओळखला. जाणाऱ्याच्या तोंडात सोनं ठेवायचं, म्हणून त्याच्या बायकोने, जानकीने, मंगळसूत्रातला सोडवून दिला होता. बायका पोहोचवायला जात नाहीत. ती दारातच राहिली होती. आणि तो चोवीस वर्षं भलत्याच बोरीला हात जोडत आला होता.

आता प्रत्येकाला तोच खड्डा हवा होता. कॉलर धरली गेली, दोन चाळण्या फाटल्या. "अरे, अस्सल आहे का ते तरी बघा!" धोंडिराम ओरडला. "जानकीकाकींना बोलवा."

चाळीतली कुठलीही बाई सोनाराकडे जाताना जानकीला बरोबर नेई. ती नाही म्हणाली, की सोनारही वाद घालत नसे.

जानकी कणकेच्या हातांनीच आली. मणी तळहातावर घेतला. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बराच वेळ खड्ड्याकडे.

"पितळ," ती म्हणाली.

"नीट बघा ना, काकी!"

"पितळ आहे गं, चंपा. जत्रेत मूठभर मिळतात असले."

"वाट लागली यार! रविवार फुकट." चाळण्या झटकत लोक पांगले. "काय काका, चांगलं गाढव बनवलंत," धोंडिराम जाता जाता म्हणाला.

प्लॉट रिकामा झाला. जानकीने वाकून मणी मातीत ठेवला. दत्तारामने पडलेलं एक फावडं उचललं आणि भरून घेतलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तिचं डोकं कुठल्या बाजूला होतं?"