संघाच्या इतिहासातली आमची ओळ

माझा मुलगा सौमित्र अमेरिकेत चौथ्या श्रेणीतल्या ज्या नवोदितांच्या फुटबॉल संघातून खेळायचा, तो अकरा वर्षांनी बंद झाला. संघाच्या छापील इतिहासात प्रत्येक घराची एक ओळ घ्यायचं ठरलं. मी नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनहून मुलाकडे लिहून पाठवलं, “सौमित्रचा एकमेव गोल त्याच्या आईने तिच्या शेवटच्या संध्याकाळी फोनवर पाहिला.” त्यालाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं. लगेच त्याचा फोन आला. “बाबा, ही ओळ बदला.” “का रे?” “विजांमुळे मॅच तासभर थांबली होती. गोल झाला तेव्हा तुमच्याकडे आठ वाजले होते. डॉक्टरांच्या कागदावर आई सात वीसला गेलीय.” त्यानेच पुढे विचारलं, “मग आई काय बघत होती?” “रिकामं मैदान,” मी म्हणालो. “ती सारखी विचारत होती, पोरं भिजत तर नाहीत ना?” तो म्हणाला, “हेच लिहा.”