अर्धा फेरा

टेनेसीतल्या आमच्या गावाबाहेर दर रविवारी गाड्यांच्या शर्यती होतात. सलग तीन रविवार शेजारच्या व्हर्लननं मला थोडक्यात हरवलं होतं. चौथ्या रविवारी तो सँडविच आणायला गेला, तेव्हा मी त्याच्या उघड्या बॉनेटमध्ये वाकलो आणि कार्बोरेटरचे आयडलचे, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना इंजिनाला पेट्रोल देणारे, दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत फिरवले. आत फिरवले की पेट्रोल कमी होतं. हिरवा दिवा लागला की गाडी आचके देत जागीच बंद पडणार, हे मला ठाऊक होतं.

गाडी बंद पडली नाही. उलट कधी नव्हे ती एका सुरात धडधडत दिव्यापाशी उभी राहिली, आणि सुटली तेव्हा मला नुसता तिचा धूर दिसला.

संध्याकाळी व्हर्लन कप घेऊन आला आणि सगळ्यांसमोर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "महिनाभर झगडत होतो, जागेवर धड चालतच नव्हती. तू वाकला होतास म्हणे माझ्या गाडीवर. शर्यत तोंडावर असताना असं कोण करतं रे, हार्लन?"

"असू दे रे," मी म्हणालो. "शेजारधर्म."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनंही वाजवल्या.

जाता जाता व्हर्लन माझ्या कानाशी वाकला. "या कार्बोरेटरचे स्क्रू उलटे आहेत बरं का. आत फिरवले की पेट्रोल वाढतं. पुढच्या वेळी लक्षात असू दे."